उन्हापासून दूर ठेवा

बाटलीवर लिहिलंय : उन्हापासून दूर ठेवा.
हे वाचून तू हसलास, क्रेसेन्सियो,
ठसका लागेपर्यंत हसत राहिलास.

सव्वीस हंगाम लेम्पा नदीकाठी ऊस तोडलास.
जळक्या पाचटाची काजळी
कानाच्या पाळीमागे अजून आहे.
पाठीत इतकं ऊन मुरलेलं
की रात्री माझ्या बाजूचं अंथरूणही तापायचं.
आणि आता ही नर्स, निन्या सोइला,
म्हणते, तुमच्या हाडांपर्यंत ऊन पोचत नाही.

तिनं पावतीच्या पाठीवर घेवड्याचे दोन दाणे काढले.
म्हणाली, ऊन कातडीत शिरतं, यकृतात जातं,
पण शेवटचा हात मूत्रपिंडांचा.
तिथं ते शिजतं, तेव्हा कुठे अंगी लागतं.
तुझ्याकडची चूल विझलेली.
म्हणून कुणी दुसरीकडे शिजवून
एवढ्याशा मऊ कॅप्सूलमध्ये भरलेलं हे तयार ऊन,
उसाच्या डोळ्याएवढं.
सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी.
एकच.

‘एकच’ हे मी चुलीवरच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं,
कारण एकात तुझा जीव कधी रमला नाही.

ऑक्टोबरात माझ्या भावाचं खोकं आलं ह्यूस्टनहून.
टॉवेल, बूट, आणि दोन डबे :
हाडांसाठी कॅल्शियम, त्यातच ड जीवनसत्त्व,
झाकणावर उगवता सूर्य.
विल्बेरनं मायेनं पाठवलेलं. मी फळीवर ठेवलं.
माझ्या मागे तू ते खात होतास.
थोड्यानं बरं वाटतं,
तर जास्तीनं पुन्हा कामावर जाईन :
टनावर मजुरी घेणाऱ्याचा हिशेब.

मग तू पाणी पाणी करू लागलास
आणि आपल्याकडे तर पाणी पेल्यानं मोजलेलं.
म्हणालास, जिभेवर कोणी कोयता ठेवल्यासारखं लागतंय.
चार दिवस पोट हललं नाही.
पुपुसा भाजायला घेतली की तू उठून बाहेर.
पाचव्या सकाळी
मला माझ्या आईच्या नावानं हाक मारलीस
आणि विचारलंस, ट्रक आला का?

हिकिलिस्कोच्या दवाखान्यात रक्त घेतलं.
कॅल्शियम चढलेलं.
निन्या सोइला रागावली नाही.
म्हणाली, घरात गिळण्यासारखं जे जे आहे
ते सगळं एका पिशवीत घालून आणा.
मी आणलं. तिनं टेबलावर ओतलं :
विल्बेरचे डबे,
छातीतल्या जळजळीची पांढरी पावडर,
जिच्याबद्दल मी कधी बोललेच नव्हते
कारण तिला मी औषध समजत नव्हते.
एकेक उचलून ती वाचत होती,
तांदळातले खडे वेचावेत तशी.

ही तिकडे ठेवा, म्हणाली. हे पण.
न विचारता काही नाही. मायेनं आलेलंसुद्धा नाही.

अकरा दिवस कॅप्सूल बंद होती.
रक्त, पुन्हा रक्त.
आकडा उतरला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली,
आधीपेक्षा कमी.
मी भिंतीवरचा कोळसा पुसला,
नवा लिहिला.

गेल्या बुधवारी आपण विसरलो.
पूल पाण्याखाली होता, बस नव्हती, घरी यायला मध्यरात्र झाली.
शुक्रवारी तू दोन हातावर घेतल्यास.
मी तुझी मूठ धरली आणि फोन लावला.
पलीकडून ती म्हणाली,
गेलेला बुधवार गेला. आजची आज घ्या.

आता बाटली पत्र्याच्या पेटीत असते,
तुझ्या फाटक्या हातमोज्यांखाली, अंधारात.
झाकण उघडण्याआधी तू उठून खिडकी लावतोस.
मी काही बोलत नाही.
उन्हाशी तुझं काय आहे ते तुझं तू बघ.

आणि कुआहादा? तू विचारतोस.
चीज नको, म्हणाली आहे ती. फारच वाटलं तर
रविवारी, बोटभर.

बोट कुणाचं, हेही तुला विचारून हवं असतं.